नापास माल

दिवसाला आठशे कमरपट्टे.
काळे, राखाडी, नाताळाच्या आधी लाल,
त्यांवर छापलेली बारीक हरणं.
इलॅस्टिक ताणायचं, सुईखाली सरकवायचं, सोडायचं;
सोडलं की ते कापडाला चुण्या घालत जवळ ओढतं.
गिमाराइशच्या या शेडमध्ये एकोणीस वर्षं
मी परक्या पुरुषांच्या कमरा मोजते आहे,
एकाचंही तोंड पाहिलेलं नाही.

अदेलिनोचं तोंड मात्र पाहिलं त्या दिवशी
डॉक्टरीणबाईंनी कागद आमच्याकडे फिरवला तेव्हा.
कागदावर आकडे. शेजारी दुसरे आकडे,
असायला हवे होते ते.
चार वर्षं सगळ्या तपासण्या माझ्याच झाल्या होत्या;
सासूबाईंनी फातिमाला जाऊन मेणाचं बाळ ज्वाळेत सोडलं
तेही माझ्याच नावानं.

‘काम काय करता?’
‘भट्टीवर असतो. पाव.’
‘आणि आतून काय घालता?’
रोज आगीसमोर उभा राहणारा माणूस,
पण इतका लालबुंद मी त्याला पाहिला नव्हता.
उत्तर मीच दिलं, मापासकट:
पंच्याण्णव टक्के कापूस, पाच टक्के ताण.

त्या म्हणाल्या, शरीरानं ते दोघे उगाच बाहेर टांगलेले नाहीत,
त्यांना जरा गारवा लागतो.
घट्ट कपडा त्यांना अंगाशी दाबून धरतो, ऊब चढते.
कदाचित त्यानं फरक पडत असेल. कदाचित नसेलही.
भट्टी तर तुम्हाला सोडता येणार नाही,
सैल घालून बघा. तीन महिने तरी.
नवं बीज तयार व्हायला साधारण तेवढे लागतात.

बसमध्ये आम्ही बोललो नाही.
मी ते ‘कदाचित’ दोन्ही टोकांना धरून ताणून पाहत होते.
किती ताणलं की तुटतं, ते बोटांना कळतं.
याचं कळेना.

घरी आल्यावर अख्खा खण पलंगावर उपडा केला.
बावीस नग, आमच्याच कारखान्याचे, सवलतीतले.
निम्मे माझ्या मशीनवरचे. माझा टाका मी ओळखते.
म्हणजे दिवसभर मी जे शिवत होते
तेच रात्री
नाही, असं म्हणू नये.
बाई ‘कदाचित’ म्हणाल्या होत्या.

‘राहू दे, नवीन आणू,’ तो दारातून म्हणाला.
मी उसवत राहिले. एक बाजू, मग दुसरी.
इलॅस्टिकच्या वेटोळ्यांचा ढीग मांडीवर,
गांडुळांसारखा.

रविवारी सासूबाई आल्या, दोरीवर वाळत घातलेलं पाहिलं.
‘हे काय? तुझ्या बापाच्या अशाच असायच्या,
वाऱ्यानं शिडासारख्या फुगायच्या,’ म्हणून हसल्या.
‘आणि सात पोरं...’
तिथे थांबल्या.
माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, बराच वेळ.
मग पाटीतले उरलेले कपडे उचलून
एकेक झटकून माझ्यासोबत वाळत घालू लागल्या.
फातिमाचं नाव त्यानंतर निघालेलं नाही.

सोमवारी मशीनवर बसले
आणि ताणाची चकती एक घर मागे फिरवली.
का, ते विचारू नका.
हाम्बुर्गला जाणारे चाळीस नग, मध्यम माप.
झुल्मिरानं एक उचलून ओढून पाहिला,
तो तिच्या हातात लोंबतच राहिला.
‘एकोणीस वर्षांत पहिल्यांदा,’ ती म्हणाली,
आणि गठ्ठ्यावर शिक्का मारला: नापास.
अर्ध्या दिवसाचा पगार कापला.
नापास माल किलोवर विकतात.
मी सगळा घेतला.

पहाटे तीनला तो भट्टीवर निघतो.
अंधारात एका हातानं कंबर सावरत,
दुसऱ्या हातानं बूट शोधत, शिव्या घालत.
‘निदान नाडी तरी ओव गं, पाव काढताना घसरते.’
उठून नाडी ओवते. गाठ तोच मारतो,
मी फक्त तिच्यात बोट घालून बघते, जागा आहे ना.
आज एक्केचाळिसावा दिवस.